साथीच्या काळात कासवांच्या घरट्यांचं काय करायचं? २०२० मध्ये पुळणीवर असलेल्यांनी सांगा

दर्यावरची

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ला तालुक्यातली. आमच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावातले दोघे कासवमित्र पहाटे फेरी मारतात, अंडी हलवून कुंपणात आणतात, पिल्लं निघाली की सोडतात. नोंदवही आणि फोटो मी बघते, नोकरी सांभाळून.

यंदा ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत मला घेतलंय आणि लगेच गळ्यात काम मारलंय. गावाच्या आपत्ती आराखड्यात कासवांचा भाग मी लिहायचा. वादळाचं पान झालं. उधाणाचं झालं. 'साथरोग' असं शीर्षक टाकून मात्र 'मास्क, सॅनिटायझर, सुरक्षित अंतर' एवढं लिहिलं आणि तिथेच अडकले. हे तर किराणा दुकानाच्या दारावरही लिहिलेलं असायचं!

टाळेबंदी लागली तेव्हा मी कोल्हापुरात हॉस्टेलवर अडकले होते, त्यामुळे त्या हंगामात इकडे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आमचे कासवमित्र विचारलं की म्हणतात, "केलं काहीतरी." त्या काहीतरीत नेमकं काय होतं? फेरीला कोण गेलं, कोणाच्या परवानगीने, पैसे कुठून आले, काय सोडून दिलं? रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, गोवा, कुठलेही असा, ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा. वर्तमानपत्रातलं 'माणूस घरात, निसर्ग जोरात' छापाचं नको.

वाडीवाला

तू म्हणतो, चालेल ना? माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल.

मी दापोली तालुक्यातला. सुपारीची वाडी आहे आणि कासवांच्या दिवसांत घरी पर्यटक उतरतात. कासवमित्र मी नव्हे, माझा चुलत भाऊ. पण त्या हंगामात त्याच्याबरोबर पुळणीवर मी होतो, कारण दुसरं कोणी येऊच शकत नव्हतं. म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

आधी वेळ बघ काय साधली होती. आमच्याकडे मादी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत येते. अंड्यांना ४५ ते ६० दिवस लागतात. देशभर टाळेबंदी लागली २५ मार्च २०२० ला. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीची अंडी कुंपणात, पिल्लं वर यायला लागलेली, आणि मागून येणाऱ्या थोड्याफार माद्या अजून बाकी. एक घरटं म्हणजे शंभरेक अंडी. सरकारने सांगितलं एकवीस दिवस जिथे आहात तिथेच थांबा. अंडी कशी थांबणार?

आता तुझ्या पानावर जे सगळ्यात वर लिहायला हवं ते सांगतो. टाळेबंदीत वनखात्याच्या वन्यजीव, वणवा आणि गस्तीच्या कामावरच्या लोकांना केंद्राच्या आदेशात सूट होती. छान. पण कासवमित्र कोण? तो हंगामापुरता मानधनावर काम करणारा गावकरी. त्याच्याकडे ना ओळखपत्र, ना हुकूम. पहाटे साडेचारला हातात बॅटरी, खांद्यावर पिशवी आणि काठी घेऊन रस्त्याने निघालेला माणूस बंदोबस्तावरच्या पोराने अडवला, तर तो काय सांगणार? भावाने खरं ते सांगितलं, "कासवाची अंडी बघायला चाललोय." तो पोरगा विदर्भातला, बिचाऱ्याने कासव विहिरीत पाहिलेलं. त्याला वाटलं हा आपली चेष्टा करतोय. परत पाठवलं.

मग आम्ही रस्ताच सोडला. माझ्या वाडीच्या मागे दगडी गडगा, म्हणजे बांध आहे, तो ओलांडला की सुरूचं बन आणि पुढे थेट वाळू. घरातून पुळणीवर जाईपर्यंत माणूस दिसत नाही. तेव्हा भाऊ आमच्या पडवीत मुक्कामालाच आला. चाललं ते त्या गडग्यामुळे. वनरक्षक भला माणूस होता, फोनवर "तुम्ही करा, मी बघतो" म्हणायचा, पण तोंडी शब्द नाक्यावर चालत नाही. शिवाय एक लक्षात ठेव, ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची एकमध्ये आहे. अधिकार नसलेल्या माणसाने अंड्यांना हात लावला तर तो गुन्हा. म्हणजे कागद नसेल तर तुमचा माणूस रस्त्यावरही आरोपी आणि पुळणीवरही. कागद डिसेंबरात करून ठेवा, साथ आल्यावर सही करणारा सापडत नाही.

दुसरी अडचण गावाचीच. वेशीवर बांबू आडवे टाकले होते, बाहेरचा माणूस आत नाही. आमच्या किनाऱ्याच्या एका टोकाला खाडी आहे, पलीकडचा पट्टा शेजारच्या गावचा कासवमित्र बघायचा, पण राहायचा अलीकडे. खाडीवरची तरीची होडी बंद झाली, रस्त्याने फिरून जावं तर दोन वेशी. तो पट्टा गेला. पलीकडच्या एका माणसाला फोन करून फक्त माग दिसला तर फोटो काढ, आणि घरट्यावर काटेरी फांद्या आणि जुनं जाळं टाकून दगड ठेव एवढं सांगितलं. अंडी हलवू नकोस, हे दहादा सांगितलं. अंडी घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूला धरतो, त्यानंतर अंडं उलटंसुलटं झालं की संपलं. नवख्याने उशिरा हलवण्यापेक्षा जाग्यावर राहिलेली बरी. हेही तुझ्या पानावर हवं: शिकलेला माणूस नसेल तर हलवायचं नाही, झाकायचं.

माग बघणं हे खरं कौशल्य. रिडले चालते ती पुढचे वल्ह्यासारखे पाय आळीपाळीने टाकत, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खुणा समोरासमोर येत नाहीत, एकाआड एक येतात. वर जाणारा माग आणि उतरणारा माग कुठे फुटतात तिथे वाळू विस्कटलेली असते, कारण खड्डा बुजवून ती अंग आपटून आपटून वाळू दाबते आणि मग आजूबाजूची उडवून जागा लपवते. त्या विस्कटलेल्या वाळूत काठी हलके टेकवत जायचं. एका जागी काठी एकदम मऊ जाते. तिथे हाताने उकरायचं. हे करायला फटफटायच्या आत पोचावं लागतं. नंतर वारा सुटतो, खेकड्यांच्या रांगा पडतात, आणि त्या वर्षी तर कुत्री.

कुत्र्यांचं कोणीच लिहिलं नाही. बंदरावरची मासळी बंद, खानावळी बंद, पर्यटकांचा उष्टा वडापाव बंद. गावातली सगळी कुत्री भुकेली पुळणीवर उतरली. एका पहाटे मागावर कुत्र्यांचे पंजे दिसले आणि पुढे नुसती टरफलं, पिठल्यासारखी वाळू झालेली. त्यानंतर भाऊ आणि मी पहाटेच्या फेरीशिवाय रात्री दोनला आणखी एक फेरी वाढवली, आणि बायकोने रोज उरलंसुरलं गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन कुत्र्यांना घालायला सुरुवात केली. हसतील लोक, पण एप्रिलमध्ये त्याचा उपयोग सगळ्यात जास्त झाला.

सामान. कुंपणावर घालायची हिरवी जाळी चिपळूणहून यायची होती, ती आली नाही. एप्रिलात वाळू भाजते. आत फार तापली तर अंडी उकडतात, आणि त्याच्या अलीकडेही उष्णतेवर नर-मादी ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त, थंड वाळूत नर. आम्ही नारळाच्या झावळ्यांचे झाप विणून टाकले, पण सलग नाही, ऊन गाळून पडेल असे विरळ. दर पावसाळ्याआधी घराला झाप करायची आमची सवय, कामी आली. यादीत जाळी लिहा, पण शेजारी 'किंवा झाप' असंही लिहा.

आता पैशाचं. कासव महोत्सव वेळासने सुरू केला. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि भाऊ काटदरेंनी काम उभं केलं, पुढे ते गावाने आणि वनखात्याने हातात घेतलं. आंजर्ल्यासारखी बाकी गावं नंतर त्या वाटेने गेली. लोक येतात, घराघरांत उतरतात, मोदक-आमटी खातात, पिल्लं बघतात, गावाला चार पैसे मिळतात. ज्या गावात काठी खुपसून अंडी काढून खायचे तिथे आता कोणी हात लावत नाही, ह्यात ह्या पैशाचा वाटा मोठा आहे. मी स्वतः त्यावर घर दुरुस्त केलंय, उगाच कशाला नाकारू? पण २०२० च्या मार्चमध्ये मधोमध हंगाम असताना सगळी बुकिंगं गेली, आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागले. मग गावात बोलणी सुरू झाली, "पर्यटक नाहीत तर ह्यांचं रात्रीचं काय चाललंय?" तेव्हा कळलं की निम्म्या गावाच्या डोक्यात कासव म्हणजे पर्यटक.

वर ३ जूनला निसर्ग वादळ. पिल्लं तोवर गेली होती, तेवढंच नशीब. पण श्रीवर्धन, मंडणगड, दापोली सगळं झोडपलं. सुपारी आडवी, कौलं उडाली, वीज कित्येक दिवस नाही. पुढच्या हंगामात पर्यटक आलेच असते तरी ठेवायचं कुठे? माझ्या दोन खोल्यांवर ताडपत्री होती.

म्हणून आमच्याकडे आता एक केलंय, तेवढंच खरं टिकाऊ म्हणेन. महोत्सवाच्या दर पाहुण्यामागे ठरलेली रक्कम गावच्या खात्यात वेगळी पडते, तिला हंगाम चालू असताना हात लावायचा नाही. ती एका पूर्ण हंगामाचं दोन माणसांचं मानधन, बॅटऱ्या, दोरी, बांबू एवढी झाली की थांबायचं. सरकारी मानधन येतं, पण साथीच्या वर्षी सगळ्या फायली एकाच टेबलावर तुंबतात.

आणि एक सुधारणा टाळेबंदीने करून दिली, जी मी सोडायला तयार नाही. पर्यटक असले की पिल्लं सोडायच्या वेळा ठरलेल्या, सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. पिल्लं बहुतेक रात्री वर येतात. मग ती घरट्यावर पालथ्या ठेवलेल्या टोपलीखाली सकाळपर्यंत धडपडत राहायची, कारण पाहुणे सातला येणार. पोटात बलकाची शिदोरी घेऊन आलेली असतात, ती पहिल्या पोहण्यासाठी. अर्धी टोपलीतच संपवायची का? त्या वर्षी कोणी बघायला नव्हतं, तेव्हा रात्री टोपली उचलली की लगेच सोडली. आता पाहुणे आले तरी आम्ही रात्रीची रात्रीच सोडतो, सातला जेवढी असतील तेवढी दाखवतो. कधी एकही नसतं. दोनचार जण चिडतात, चिडू देत.

नोंदवही

वाडीवाल्यांचा प्रतिसाद छापून भिंतीला लावावा असा आहे. मी सागरी जीवशास्त्रातली, तेव्हा पीएचडीचं फील्डवर्क चालू होतं आणि घरात बसून दुसऱ्यांच्या नोंदींची वाट बघत होते. त्या बाजूने थोडं.

माणसं कमी पडली की लोक पहिल्यांदा नोंदी सोडतात. तसं करू नका, नोंद लहान करा. तारीख, जागा, अंडी हलवली की जाग्यावर, किती अंडी, किती पिल्लं, किती कुजली. एवढ्यावर पुढच्या दहा वर्षांचं गणित तगतं. मोजमापं, तापमान, बाकी सगळं सोडलं तरी चालेल. आणि कुठल्या दिवशी फेरी झालीच नाही ते मात्र न चुकता लिहा. 'घरटं नाही' आणि 'कोणी गेलं नाही' ह्या दोन गोष्टी वहीत एकाच कोऱ्या जागेने दाखवल्या की ते वर्ष वाया गेलं समजा.

एका वर्षाच्या नोंदीवरून घाईने अर्थ काढला की काय होतं, ते २०२० च्या एका प्रसिद्ध बातमीत दिसलं. ओडिशात ऋषिकुल्येला त्या मार्चमध्ये लाखोंनी कासवं आली, आदल्या वर्षी तिथे सामूहिक विणीचा मेळा जवळजवळ झालाच नव्हता. मग 'माणसं घरात बसली म्हणून कासवं परतली' असं जगभर फिरलं. अहो, ती नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच किनाऱ्यासमोरच्या पाण्यात जमतात, समागम तिथेच होतो. मार्चच्या टाळेबंदीचा निर्णय त्यांनी नोव्हेंबरात ऐकला होता का? काही वर्षी मेळा भरतो, काही वर्षी भरत नाही, २०१८ मध्येही मोठा भरला होता. आपल्याकडे तर एकेकटी येतात, इथे एका वर्षाच्या आकड्यावरून काहीच बोलू नये.

स्पष्टवक्ता

सगळं ठीक. पण एक विचारतो, राग नको. त्या एप्रिलमध्ये, आणि त्याहून २०२१ च्या एप्रिलमध्ये, माणसं बेडसाठी वणवण करत होती. माझे काका ऑक्सिजन सिलिंडरच्या रांगेत असताना गेले. तेव्हा कासवांची मानधनं, कासवांचे पास, ह्यावर डोकं चालवणं मला अजूनही जड जातं. कासवं कोट्यवधी वर्षं आहेत, एक हंगाम कोणी बघितलं नसतं तर काय बिघडलं असतं?

वाडीवाला

स्पष्टवक्ते, काकांचं वाचून वाईट वाटलं. राग कसला? आमच्या गावातही हे तोंडावर विचारलं गेलं.

एक हंगाम गेला असता तर कासवांची जात बुडाली नसती, हे खरं. पिल्लांतलं हजारात एखादंच मोठं होतं असं म्हणतात. पण रिकामी पुळण रिकामी राहत नाही. कुत्र्यांचं वर लिहिलंच. आणि माणसाचंही आहे. बाजार बंद, हातात पैसा नाही, आणि जुन्या लोकांना अजून माग वाचता येतो. आमच्याकडचा सगळ्यात पक्का शोध्या पूर्वी अंडी काढणाराच होता. तो २०२० मध्ये आमच्याबरोबर होता, कारण रोज त्याला कोणीतरी हाक मारत होतं. हाक थांबली असती तर तो काय करता, हे मला सांगता येत नाही, त्यालाही येत नसेल.

दुसरं म्हणजे आम्ही कोणाच्या तोंडचं काही काढून घेतलं नाही. फेरी पहाटे. आठला भाऊ घरी यायचा, दहाला ग्राम कृतीदलात. मुंबईहून आलेले चाकरमानी शाळेत विलगीकरणात होते, त्यांना डबे पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. त्यातलीच तीन-चार पोरं दिवस भरल्यावर म्हणाली, घरी बसून डोकं फिरतंय, आम्हाला न्या. नोकऱ्या गेलेल्या, गावात लोक अजून लांबून बोलायचे, की हे रोग घेऊन आले. पुळणीवर दोन माणसांत पन्नास पावलांचं अंतर ठेवून चालता येतं, तिथे त्यांना कोणी हटकत नव्हतं. त्यातला एक परत मुंबईला गेलाच नाही, आता पिल्लांच्या दिवसांत तोच पाहुण्यांना माहिती सांगतो. भाषण जरा लांबवतो, पण सांगतो.

आणि २०२१ बद्दल तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. तेव्हा गावात घराघरांत ताप होता. आम्ही बसून ठरवलं की लांबचं टोक सोडायचं, फक्त कुंपणातली घरटी आणि जवळचा पट्टा. भावाच्या घरात दोघं पडले तेव्हा आठवडाभर नुसत्या टोपल्या बघितल्या, फेरी नाही. वहीत तसंच लिहिलंय, नोंदवहीताई खूश होतील. दर्यावरची, तू हे पानावर आधीच लिही: काय आधी सोडायचं, मग काय सोडायचं, आणि शेवटपर्यंत काय धरायचं. ऐन वेळी ठरवायला बसलं की भांडणं होतात आणि भांडण झालं की सगळंच सुटतं.

बंदरावरची

पुळणीवर दोघंतिघं जमतील हो. समुद्रातल्या कासवांचं कोण बघणार?

आमच्या घरची बोट आहे. टाळेबंदी लागली तेव्हा खलाशी अडकले, बंदरावरचा लिलाव गर्दी होते म्हणून बंद, बर्फ नाही. १० एप्रिलला केंद्राने मासेमारीला सूट दिली तरी विकायचं कोणाला? जे थोडे गेले ते जवळच, लहान होड्यांनी. जवळच्या पाण्यात जाळं टाकलं की ह्या दिवसांत कासव सापडतंच. आपल्या राज्यात डिसेंबर २०१८ पासून योजना आहे, कासव, देवमासा, डॉल्फिन असं संरक्षित जनावर जाळ्यात आलं आणि जाळं कापून सोडलं तर भरपाई मिळते, जास्तीत जास्त २५,००० रुपये. फोटो किंवा व्हिडिओ काढून अर्ज करायचा. ही योजना साथीत चालण्यासारखी आहे, कारण पुरावा फोनमध्ये असतो, कोणी बोटीवर यायला नको. पण आमच्या धन्याला अर्ज कसा भरायचा ते माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत तो मच्छीमार सोसायटीचा माणूस घरात बंद. माझ्या मुलीने भरला. त्यामुळे तुझ्या पानावर ह्याची एक ओळ टाक: गावातल्या प्रत्येक वाड्यावर एक तरी मुलगी-मुलगा असा हवा, ज्याला हा अर्ज भरता येतो. आणि जाळं कापलं की तुकडा समुद्रात टाकायचा नाही, बोटीत घ्यायचा. हे साथ नसली तरी.

बोटीवरचा

मी मर्चंट नेव्हीत, गाव गुहागर. २०२० मध्ये करार संपूनही जहाजावरच होतो, आमच्यासारखे लाखो खलाशी जगभर अडकले होते. विषय तुमच्या पुळणीपासून लांबचा, पण बंदरावरचीताईंनी समुद्राचं काढलं म्हणून लिहितो.

पश्चिम आणि मध्य प्रशांतात ट्यूना पकडणाऱ्या मोठ्या पर्स सीन, म्हणजे वेढा घालणारं जाळं टाकणाऱ्या जहाजांवर निरीक्षक असणं बंधनकारक. जाळ्यात शार्क, कासव काय येतं ते तो लिहितो. एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे ही अट स्थगित केली आणि ती स्थगिती वाढत वाढत २०२२ संपेपर्यंत गेली. मासेमारी चालू, लिहिणारा घरी. निरीक्षकांच्या जिवाला धोका होता हे खरं, पण बाहेरून येणाऱ्या एकाच माणसावर सगळी नोंद ठेवली की साथ आली की काय होतं त्याचं ते मोठं उदाहरण आहे. वाडीवाल्यांचं काम गडग्याजवळ राहणाऱ्या गावातल्याच माणसांमुळे चाललं, ते वाचताना हेच आठवलं.

दर्यावरची

सगळ्यांचे आभार, मी हे दोनदा वाचलं. आमच्या कासवमित्रांना वाडीवाल्यांचं वाचून दाखवलं तर म्हणाले, "हां, कुत्र्यांचं आमचंही तसंच." म्हणजे 'केलं काहीतरी'मधलं पहिलं काहीतरी बाहेर आलं!

दोन शंका. कागदावर सही नेमकी कोणाची घ्यावी? सरपंच द्यायला तयार आहेत, पण वाडीवाले म्हणतात तसं अंड्यांचा अधिकार ग्रामपंचायतीचा नाही. आणि आमचे दोन्ही कासवमित्र सख्खे भाऊ, एकाच घरात राहतात. एकाला ताप आला की दोघंही घरात. तिसरा माणूस तयार करावा म्हटलं तर मानधन दोघांचंच आहे.

वाडीवाला

दोन वेगळे कागद कर. अंडी हाताळण्याचा अधिकार वनखात्याकडून, कासवमित्राच्या नावाने, हंगामाच्या तारखांसह, वर शिक्का. त्यात 'संचारबंदी असली तरी पहाटे आणि रात्री किनाऱ्यावर जाणे कामाचा भाग आहे' हे वाक्य घालून घे, तेवढ्यासाठी एक खेप जादा झाली तरी चालेल. ग्रामपंचायतीचा ठराव वेगळा, तो वेशीसाठी, की अमुक माणसांना गावबंदीतही पुळणीवर सोडायचं. दोन्ही कागद प्लॅस्टिकमध्ये घालून दोघांच्या खिशात, आणि फोटो पोलीस पाटलांच्या फोनवर. पोलीस पाटील महत्त्वाचे, नाक्यावरचा माणूस त्यांनाच फोन लावतो.

एकाच घरातले दोघे असणं हे साथीत निम्मं चांगलं आहे, एकमेकांना टाळायला नको. निम्मं वाईट ते तू म्हणतेस ते. तिसरा दुसऱ्या घरातला घे, आणि पुळणीच्या दुसऱ्या टोकाला राहणारा बघ. त्याला मानधन नको देऊस, नाव दे. वनखात्याच्या कागदावर राखीव म्हणून त्याचं नाव असू दे, आणि ह्या हंगामात एकदा तरी अंडी हलवताना त्याला बरोबर ने. वेगळं ठेवलेल्या पैशातून त्याला फक्त तो खरंच उतरला त्या रात्रींचे द्यायचे. आमच्याकडचा राखीव माझी बायको आहे. तिचं नाव कागदावर घालताना कचेरीत जरा कुजबुज झाली, मग झालं.

ठरावाचा आमचा मसुदा आहे, त्यात गावाचं नाव बदललं की तुझं काम होईल. आत्ता इकडे वीज जाऊन येऊन आहे, फोटो चढत नाहीये. रात्री चढवतो, किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, त्यात पाठवतो.